स्पर्शिकेचा शोध आणि भास्कराचार्यांची तात्कालिक गती : एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रस्तावना

वक्रावरील दिलेल्या बिंदूतून त्या वक्राची स्पर्शिका कशी काढावी, हा प्रश्न आज बारावीच्या विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याला एका ओळीच्या उत्तराने सोडविता येतो. फलनाचा अवकलज काढावा, त्यात बिंदूचा क्ष-निर्देशक घालावा, मिळालेली संख्या हा स्पर्शिकेचा चढ मानावा आणि बिंदू व चढ यांवरून रेषेचे समीकरण लिहावे. ही कृती इतकी सरावाची झाली आहे की, तिच्यामागे सुमारे दोन हजार वर्षांचा विचारव्यवहार उभा आहे, याचे भान अध्यापकांनाही क्वचितच राहते. या व्यवहारातील एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्राच्या भूमीत घडला, ही बाब मात्र अलीकडे वारंवार सांगितली जाते. आणि सांगताना बहुधा दोन टोकांपैकी एक टोक गाठले जाते. एका बाजूस ‘कलनशास्त्र भास्कराचार्यांनीच शोधले’ असे विधान होते, तर दुसऱ्या बाजूस ‘ही सर्व युरोपची देणगी’ म्हणून विषय मिटविला जातो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांत भारतीय ज्ञानप्रणाली या घटकाचा समावेश झाल्यामुळे या प्रश्नाला केवळ अभिमानाचे किंवा उपेक्षेचे नव्हे, तर वर्गातील रोजच्या अध्यापनाचे परिमाण प्राप्त झाले आहे. जे विधान अध्यापक फळ्यासमोर उभे राहून करणार, ते आकड्यांनी पडताळता आले पाहिजे. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात पुढील उद्दिष्टे समोर ठेवली आहेत :

१) स्पर्शिकेच्या प्रश्नाचे गणिती स्वरूप स्पष्ट करणे.
२) भास्कराचार्यांच्या ‘तात्कालिक गती’ या संकल्पनेचे या प्रश्नाशी असलेले नाते सोदाहरण तपासणे.
३) एकोणिसाव्या शतकात या विषयावर झालेल्या वादाचा परामर्श घेणे.
४) मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात या विषयाची परिभाषा कशी बदलत गेली, याचा मागोवा घेणे.

२. अभ्यासक्षेत्राची भूमी

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील छावणी हा भाग एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचे ठाणे म्हणून वाढला. छावणीतून पश्चिमेकडे निघालेला रस्ता सुमारे पंधरा किलोमीटरवर दौलताबादला, म्हणजे यादवांच्या देवगिरीला पोहोचतो. तेथून पुढे वायव्येस वेरूळ, कन्नड आणि औट्रम घाट ओलांडला की खानदेशातील चाळीसगाव लागते. चाळीसगावच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या सातमाळा रांगेच्या कुशीत पाटण हे स्थळ आहे. पाटणादेवीच्या नावाने ते परिचित आहे. राजधानी देवगिरी आणि विद्यास्थान पाटण यांना जोडणारी ही वाट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

पाटण येथील शिलालेख शके ११२८ चा उल्लेख करतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ आणि कुलातील इतरांच्या रचना यांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला व सिंघणाचे मांडलिक निकुंभ घराण्यातील सोइदेव याने त्यास दान दिले, अशी माहिती या लेखातून मिळते. लेखाचा बहुतांश भाग संस्कृत असला, तरी मठाला मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत आहे. त्यात ग्राहकांकडून द्यावयाच्या सुपाऱ्या आणि तेलघाण्यामागे द्यावयाचे पळीभर तेल यांचाही समावेश आहे. ग्रहगणितासारख्या सूक्ष्म विषयाचे अध्ययन गावच्या बाजारपेठेने पोसले होते, हे या तपशिलावरून दिसते. शास्त्राची परंपरा केवळ प्रतिभेवर टिकत नाही, तिला संस्था लागते आणि संस्थेला नियमित उत्पन्न लागते, या सत्याचा हा महाराष्ट्रातील एक जुना लेखी पुरावा मानता येईल.

३. स्पर्शिकेचा प्रश्न

युक्लिडने वर्तुळाच्या स्पर्शिकेचा विचार ‘वर्तुळाला मिळते, परंतु वाढविली असता त्याला छेदत नाही अशी रेषा’ या अर्थाने केला. वर्तुळापुरती ही व्याख्या निर्दोष आहे. सर्वसामान्य वक्रासाठी मात्र ती अपुरी पडते. उदाहरणार्थ, य = क्ष³ या वक्राची (१, १) या बिंदूतील स्पर्शिका य = ३क्ष − २ ही आहे; हीच रेषा पुढे त्याच वक्राला (−२, −८) या बिंदूत छेदते. त्याच वक्राची आरंभबिंदूतील स्पर्शिका, म्हणजे क्ष-अक्ष, तर स्पर्शाच्या ठिकाणीच वक्राला ओलांडून जाते. म्हणजे ‘छेदत नाही’ ही कसोटी सोडून देऊन दुसरी शोधणे भाग होते.

ती दुसरी कसोटी छेदिकेच्या मार्गाने सापडते. य = क्ष² या वक्रावर (३, ९) हा बिंदू स्थिर ठेवून शेजारचा बिंदू घ्यावा. क्ष = ४ येथे य = १६, म्हणून दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ ७ येतो. क्ष = ३.१ येथे य = ९.६१ आणि चढ ६.१; क्ष = ३.०१ येथे य = ९.०६०१ आणि चढ ६.०१. दुसरा बिंदू डावीकडून आणला, क्ष = २.९ घेतले, तर य = ८.४१ आणि चढ ५.९. दोन्ही बाजूंनी चढ ६ या संख्येकडे सरकतो. सामान्यपणे क्ष मधील वाढ ‘ट’ मानली तर चढ (६ट + ट²) ÷ ट, म्हणजेच ६ + ट होतो. ट शून्याकडे जाताना त्याची सीमा ६ आहे. स्पर्शिका म्हणजे (३, ९) मधून जाणारी आणि ६ हा चढ असलेली रेषा : य − ९ = ६(क्ष − ३), अर्थात य = ६क्ष − ९.

या साध्या उदाहरणात विषयाची सारी अडचण दडलेली आहे. ‘ट’ ने भागताना ट शून्य नाही असे गृहीत धरले आणि भागाकार झाल्यावर त्याला शून्य होऊ दिले. हे तर्कशास्त्राला मान्य व्हावे कसे? १७३४ मध्ये बर्कले याने न्यूटनच्या अनुयायांना नेमका हाच प्रश्न विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकात कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या सीमेच्या काटेकोर व्याख्येने मिळाले. भास्कराचार्यांचे मूल्यमापन करताना ही अडचण ध्यानात ठेवावी लागते.

४. चंद्राची चाल आणि तात्कालिक गती

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील. वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, असे ते स्वतः नमूद करतात. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. या ग्रंथावर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिले असल्याने सूत्रामागील त्यांचा विचार समजण्यास मदत होते.

त्यांच्यासमोरील प्रश्न स्पर्शिकेचा नव्हता. तो पंचांगाचा होता. चंद्राची मध्यम दैनंदिन गती ७९० कला ३५ विकला, म्हणजे १३ अंशांहून थोडी अधिक आहे, तर सूर्याची सुमारे ५९ कला ८ विकला. सूर्याची गती एका दिवसात फारशी बदलत नाही. चंद्राची स्पष्ट गती मात्र सुमारे १२ ते १५ अंश या मर्यादेत सतत कमीअधिक होत असते. तिथी म्हणजे सूर्य व चंद्र यांच्यातील १२ अंशांचे अंतर. तिथी कोणत्या घटिकेला संपते हे ठरविताना आजच्या आणि उद्याच्या स्थानांची वजाबाकी करून आलेली सरासरी गती वापरली, तर चूक होते. ग्रहणाच्या वेळी तर ती उघडी पडते. म्हणून भास्कराचार्यांनी दोन दिवसांच्या स्थानांतील अंतरावरून येणारी गती स्थूल ठरविली आणि त्या त्या क्षणाची सूक्ष्म गती वेगळी मानून तिला ‘तात्कालिकी’ म्हटले. तिथीचा अंत जवळ असताना चंद्रासाठी ही तात्कालिक गतीच योग्य होय, कारण चंद्राची गती मोठी असून ती क्षणोक्षणी सारखी राहत नाही, असे कारणही त्यांनी दिले आहे.

स्थूल गती म्हणजे छेदिकेचा चढ आणि तात्कालिक गती म्हणजे स्पर्शिकेचा चढ, असे आजच्या परिभाषेत म्हणता येईल. हे साम्य केवळ शाब्दिक आहे की गणिती, हे पाहण्यासाठी त्यांनी ही गती काढली कशी याकडे वळणे आवश्यक आहे.

ग्रहाचे स्पष्ट स्थान काढताना ज्या वापरावी लागते. आर्यभटापासून चालत आलेल्या ज्यासारणीत त्रिज्या ३४३८ कला मानून पाव वर्तुळाचे २२५ कलांचे (३ अंश ४५ कलांचे) २४ भाग केले जात. लगतच्या दोन ज्यांमधील फरकाला ‘भोग्यखंड’ म्हणतात. हे फरक २२५, २२४, २२२, २१९ असे घटत जाऊन शेवटी २२ आणि ७ असे होतात. एका खंडाच्या आत सर्वत्र तोच फरक धरणे हा स्थूल मार्ग झाला. भास्कराचार्यांनी त्याऐवजी त्रैराशिक मांडले : कोटिज्या त्रिज्येइतकी असताना भोग्यखंड २२५ असते, तर इष्ट कोटिज्येला किती? म्हणून

तात्कालिक भोग्यखंड = कोटिज्या × २२५ ÷ ३४३८.

हे सूत्र सारणीतील आकड्यांवर पडताळून पाहणे उद्बोधक ठरते. ३० अंश हा आठवा विभाग होय. सारणीत सातवी ज्या १५२०, आठवी १७१९ आणि नववी १९१० आहे. म्हणजे ३० अंशांच्या अलीकडचे खंड १९९ आणि पलीकडचे १९१. नेमके ३० अंशांवर कोणते घ्यावे? ३० अंशांची कोटिज्या म्हणजे ६० अंशांची ज्या; सारणीप्रमाणे ती २९७८. सूत्रानुसार २९७८ × २२५ ÷ ३४३८ = १९४.९. ही संख्या १९९ आणि १९१ यांच्या दरम्यान आहे. तिला २२५ ने भागले असता ०.८६६ येते आणि ३० अंशांच्या कोज्येची आधुनिक किंमतही तीन दशांश स्थळांपर्यंत तीच आहे. ज्येचा अवकलज कोज्या असतो, हे आजचे सूत्र येथे त्रैराशिकाच्या वेशात उभे आहे. आडव्या अक्षावर चाप व उभ्या अक्षावर ज्या घेऊन आलेख काढला, तर १९९ व १९१ हे दोन छेदिकांचे चढ दर्शवितात आणि १९४.९ हा त्या बिंदूतील स्पर्शिकेचा.

९० अंशांवरची स्थिती अधिक बोलकी आहे. तेथे कोटिज्या शून्य, म्हणून तात्कालिक भोग्यखंडही शून्य. सारणीतील शेवटचा फरक मात्र ७ आहे, आणि ९० अंश ओलांडल्यावर ज्या तितकीच घटू लागते. वाढ ७ आणि घट ७ यांच्यामधला तो क्षण सारणीत कोठेही लिहिलेला नसतो; सूत्रच तो दाखविते. ज्या परम असते तेथे तिची वाढ थांबते, म्हणजे आलेखाची स्पर्शिका आडवी होते.

हाच विचार भास्कराचार्यांनी ग्रहाच्या गतीलाही लावला. मध्यम स्थानाला द्यावयाचा संस्कार म्हणजे फल. ते जेथे परम असते, तेथे गतीचा संस्कार, म्हणजे गतिफल, शून्य होते आणि मध्यम गती हीच स्पष्ट गती ठरते, असे त्यांनी प्रतिपादिले. फलनाच्या महत्तम किमतीच्या ठिकाणी अवकलज शून्य असतो, या नियमाचे हे ग्रहगणितातील रूप होय. युरोपात महत्तम-लघुत्तम किमतींच्या संदर्भात हा विचार सतराव्या शतकात फर्माने पद्धतशीर रीतीने मांडला.

येथे एक नोंद आवश्यक आहे. कोटिज्येच्या साहाय्याने स्पष्ट गती काढण्याची रीत मुंजालाच्या ‘लघुमानस’ (इ. स. ९३२) या ग्रंथात आधीच आढळते. त्यामुळे भास्कराचार्यांचे श्रेय पहिल्या सूत्राचे नाही. स्थूल व तात्कालिक हा भेद नावानिशी करणे, तो का लागतो याचे कारण देणे आणि परमफलाच्या ठिकाणचा निष्कर्ष काढणे, यात त्यांचे श्रेय आहे.

५. शून्यगुण राशीचा विचार

‘ट’ ने भागून नंतर ट ला शून्य करण्याची जी अडचण वर सांगितली, तिच्याशी मिळताजुळता विचार लीलावतीच्या शून्यपरिकर्मात सापडतो. एखाद्या राशीला शून्याने गुणल्यास फल शून्य येते. परंतु पुढे आणखी क्रिया करावयाची असेल, तर त्या राशीला लगेच शून्य न करता ‘शून्यगुण’ म्हणून तशीच ठेवावी आणि पुढे शून्याने भागण्याचा प्रसंग आल्यास ती मूळचीच राहते असे समजावे, असा तेथे नियम आहे. त्यावरील उदाहरणात एका संख्येला शून्याने गुणून, त्यात त्याचेच अर्धे मिळवून, तिनाने गुणून व शून्याने भागून ६३ येतात. ती संख्या १४ होय. कारण १४ आणि तिचे अर्धे ७ मिळून २१, आणि त्याची तिप्पट ६३.

आधुनिक गणिताच्या दृष्टीने शून्याने भागणे अग्राह्य आहे आणि हा नियम त्या शब्दांत स्वीकारता येत नाही. तथापि शून्याच्या जागी ‘ट’ ठेवून ट शून्याकडे जाऊ दिला, तर उदाहरण निर्दोष होते. विशेष म्हणजे, या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असे भास्कराचार्यांनी तेथेच म्हटले आहे. ग्रहगणितातील नेमका कोणता उपयोग त्यांना अभिप्रेत होता, हे त्यांनी उलगडून सांगितलेले नाही. म्हणून तात्कालिक गतीशी त्याचा थेट संबंध सिद्ध झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दोन विचार एकाच ग्रंथकाराच्या मनात शेजारी शेजारी वावरत होते, एवढे मात्र निश्चित आहे.

६. बापूदेवशास्त्री आणि स्पॉटिसवुड : १८५८–१८६०

पाटणचा मठ पुढे ओस पडला, पण ग्रंथाचे अध्ययन थांबले नाही. गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्राम येथील दैवज्ञ घराण्यातील नृसिंह याने १६२१ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’वर ‘वासनावार्तिक’ लिहिले. या आणि अशा अनेक दक्षिणी घराण्यांनी काशीची वाट धरली व गोदाकाठची ज्योतिषविद्या गंगाकाठी नेली.

याच वाटेवरचे एकोणिसाव्या शतकातील मोठे नाव म्हणजे बापूदेवशास्त्री (१८२१–१९००). पुण्यात जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले बापूदेव लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडले. माळव्यातील सीहोर येथे विल्किन्सन सिद्धान्तग्रंथांच्या आधारे नवे ज्योतिष शिकविण्याचा प्रयोग करीत होता. सुबाजी बापू यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ १८३६ मध्ये लिहिला, तो याच प्रयोगाच्या प्रभावळीत. सीहोर येथील अध्ययनानंतर बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. भारतीय सिद्धान्त आणि युरोपीय गणित या दोहोंवर प्रभुत्व असलेल्या अत्यल्प विद्वानांत त्यांची गणना होते.

१८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात बापूदेवांनी भास्कराचार्यांच्या कलनविषयक ज्ञानावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तात्कालिक गतीचे सूत्र आधुनिक अवकलनाच्या सूत्राशी ताडून पाहून, भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व पूर्णपणे अवगत होते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्याला १८६० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम स्पॉटिसवुड याने उत्तर दिले. स्पॉटिसवुड हा नावाजलेला गणिती. तो पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. बापूदेवांनी दावा ताणला आहे, असे त्याचे मत पडले. काल आणि अंतर यांचे भाग अतिसूक्ष्म असण्याचा, तसेच मिळणारे उत्तर आसन्न असल्याचा स्पष्ट उल्लेख भास्कराचार्य करीत नाहीत, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. परंतु सूत्र आणि ते सिद्ध करण्याची रीत यांचे अवकलनाशी दृढ साम्य आहे, हेही त्याने मान्य केले.

या वादाचे महत्त्व त्याच्या निकालात नसून त्याच्या रीतीत आहे. एका बाजूस मूळ संस्कृत पाठ व त्यावरील भाष्य वाचणारा मराठी शास्त्री आणि दुसऱ्या बाजूस व्याख्येच्या काटेकोरपणाचा आग्रह धरणारा इंग्रज गणिती, असा हा संवाद आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. भास्कराचार्यांजवळ क्षणिक गतीची स्पष्ट कल्पना होती आणि ज्येच्या बाबतीत तिचे बिनचूक सूत्रही होते. त्यांच्याजवळ ‘फलन’ ही सर्वसामान्य कल्पना नव्हती, कोणत्याही वक्राला लागू पडेल अशी रीत नव्हती, सीमेची व्याख्या नव्हती आणि आलेखाला काढलेल्या स्पर्शिकेची आकृतीही नव्हती. चढ त्यांनी काढला, पण तो ज्या रेषेचा चढ आहे ती रेषा त्यांनी काढली नाही. कारण त्यांना रेषा नको होती, तिथीचा अंत हवा होता.

७. केरळ आणि युरोप

पुढील टप्पे येथे संक्षेपाने नोंदविणे पुरेसे आहे. केरळात चौदाव्या शतकातील माधवापासून सुरू झालेल्या परंपरेने ज्या, कोटिज्या आणि परिघ यांसाठी अनंत श्रेढी शोधल्या. ज्येष्ठदेवाने सुमारे १५३० मध्ये ‘युक्तिभाषा’ या मलयाळम गद्यग्रंथात त्यांच्या उपपत्ती दिल्या. चाप पुरेसे लहान घेतले की चाप आणि जीवा यांतील भेद नगण्य होतो, हा विचार तेथे उघडपणे वापरलेला आहे. स्पॉटिसवुडला भास्कराचार्यांत जे उणे वाटले, त्याचा मोठा भाग केरळात भरून निघालेला दिसतो. चार्ल्स व्हिश याने १८३४ मध्ये या परंपरेची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केली होती. परंतु बापूदेवांच्या वादात तिची दखल घेतली गेली नाही.

युरोपात सतराव्या शतकात फर्मा, देकार्त आणि बॅरो यांनी स्पर्शिकेचा प्रश्न थेट हाताळला. न्यूटनने तो गतीच्या अंगाने आणि लायब्निझने फरकांच्या अंगाने सर्वसामान्य रीतीत बसविला. लायब्निझचा निबंध १६८४ मध्ये प्रसिद्ध झाला. देकार्तप्रणीत निर्देशक भूमितीमुळे वक्र आणि समीकरण एकत्र आले होते. कोणत्याही समीकरणाच्या वक्राची स्पर्शिका यांत्रिकपणे काढता येणे, हे त्या एकत्र येण्याचे फळ होते. केरळची किंवा भास्कराचार्यांची पद्धती युरोपात पोहोचली व तेथील कलनाची प्रेरणा झाली, असे दाखविणारा ठोस लेखी पुरावा उपलब्ध नाही. साम्य हा संक्रमणाचा पुरावा नव्हे, हे तत्त्व वर्गातही सांगितले गेले पाहिजे.

८. परिभाषेचा प्रवास : शून्यलब्धी, मुमास, स्पर्शिका

आधुनिक कलन महाराष्ट्रात इंग्रजी शिक्षणाबरोबर आले आणि मराठीत आणताना परिभाषेचा प्रश्न उभा राहिला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी या विषयावर मराठीत लेखन केले आणि त्याला नाव दिले ‘शून्यलब्धी’. गणिताच्या जुन्या परिभाषेत लब्धी म्हणजे भागाकार करून मिळालेले फल. दोन राशी शून्यवत होत असताना त्यांच्या भागाकाराचे जे फल उरते, ते शून्यलब्धी, असा अर्थ या शब्दातून सहज निघतो. लीलावतीतील शून्यगुण राशी आणि युरोपातील अवकलज यांना एकाच शब्दात जवळ आणणारी ही योजना होती. पुढे ती मागे पडली आणि कलन, अवकलन, अवकलज हे शब्द रूढ झाले.

मराठवाड्याचा मार्ग निराळा होता. निजामाच्या राज्यात १९१७ मध्ये भाषांतर विभाग आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट महाविद्यालयाचे प्राचार्यपद मौलवी अब्दुल हक यांनी भूषविले आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यही कित्येक वर्षे याच शहरातून चालले. गणिताची उर्दू परिभाषा अरबी-फारसीवरून सिद्ध झाली : कलन म्हणजे ‘इहसा’, स्पर्शिका म्हणजे ‘मुमास’. घरी मराठी बोलणारा विद्यार्थी गणित उर्दूत शिके. खानदेशातील विद्यार्थी तेच इंग्रजीत शिके. औट्रम घाटाच्या दोन बाजूंना एकाच रेषेची दोन नावे होती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. छावणीलगतच्या नागसेनवन परिसरात ज्यांच्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळखही नाकारली गेली होती, अशा विद्यार्थ्यांसाठी विज्ञानशिक्षणाचे दार उघडले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. पाटणच्या मठात तात्कालिक गती शिकण्याचा अधिकार मोजक्यांनाच होता. सुमारे साडेसात शतकांनंतर देवगिरीच्या पायथ्याशी तो विषय सर्वांना खुला झाला. गणिताच्या सामाजिक इतिहासात ही घटना एखाद्या नव्या सूत्राहून कमी मोलाची नाही.

या तीन परिभाषांत एक साम्य आहे. ‘स्पर्शिका’ स्पर्शावरून आली, ‘मुमास’ हा शब्द अरबीतील स्पर्शवाचक धातूवरून आला, आणि इंग्रजी ‘टँजंट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही स्पर्श करणे हाच आहे. भाषा बदलल्या, लिप्या बदलल्या, परंतु रेषा वक्राला हळूच शिवून जाते ही मूळ प्रतिमा कायम राहिली. तथापि ही प्रतिमा युक्लिडच्या वर्तुळातील आहे. ‘तात्कालिक’ हा शब्द तिच्यात नसलेली गोष्ट सांगतो : त्या क्षणी वक्र ज्या दिशेने चालला आहे, ती दिशा. अवकलजाने मिळणारी स्पर्शिका या दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळ आहे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनातून अध्यापनासाठी काही गोष्टी हाती लागतात. अवकलजाची व्याख्या सांगण्यापूर्वी ज्यासारणीतील १९९ व १९१ हे दोन आकडे फळ्यावर लिहून ‘नेमके ३० अंशांवर किती?’ असा प्रश्न विचारता येतो. विद्यार्थी बहुधा सरासरी काढून १९५ म्हणेल; सूत्राने १९४.९ येते. सरासरी जवळ का आली, हा पुढचा प्रश्न वर्गाला सीमेच्या कल्पनेपर्यंत नेतो. त्यानंतर य = क्ष³ च्या उदाहरणाने ‘एकाच बिंदूत शिवणारी रेषा’ ही शाळेतील समजूत दुरुस्त करता येते. शेवटी बापूदेव व स्पॉटिसवुड यांचे म्हणणे समोरासमोर ठेवून, शोध म्हणजे काय, सूत्र सापडणे की सर्वसामान्य रीत सापडणे, यावर चर्चा घडविता येते. अशा चर्चेत अभिमान आणि चिकित्सा यांचा परस्परविरोध उरत नाही.

१०. निष्कर्ष

१) भास्कराचार्यांनी स्थूल आणि तात्कालिक गती यांतील भेद स्पष्टपणे ओळखला होता, गणिती दृष्टीने तो छेदिका व स्पर्शिका यांच्या चढांतील भेद होय.

२) तात्कालिक भोग्यखंडाचे सूत्र ज्येच्या अवकलजाशी तंतोतंत जुळते आणि सारणीतील आकड्यांनी ते पडताळता येते.

३) सर्वसामान्य फलन, सीमेची व्याख्या आणि कोणत्याही वक्राची स्पर्शिका काढण्याची रीत त्यांच्याजवळ नव्हती. म्हणून ‘कलनशास्त्राचा शोध’ हे विधान अतिव्याप्त आहे. ‘अवकलनाच्या मूळ कल्पनेचा, एका विशिष्ट फलनापुरता, समर्थ उपयोग’ हे विधान योग्य आहे.

४) १८५८ ते १८६० मधील वादात दोन्ही पक्षांनी मूळ पाठ आणि व्याख्या यांचा आधार घेतला, भारतीय ज्ञानप्रणालीच्या अध्यापनासाठी तो आजही अनुकरणीय नमुना आहे.

५) पाटणचा मठ, काशीची पाठशाळा, उस्मानियाचे उर्दू माध्यम आणि नागसेनवनातील महाविद्यालय या संस्थांचा इतिहास वगळून या विषयाचा इतिहास पूर्ण होत नाही. पळीभर तेलाच्या देणगीवर चाललेल्या अध्ययनाचा वारसा आता प्रत्येक महाविद्यालयाच्या गणिताच्या वर्गाकडे आलेला आहे, आणि तो अतिशयोक्तीविना व न्यूनगंडाविना पुढे देणे हे त्या वर्गाचे उत्तरदायित्व आहे.